अर्धं चाक पुढे

वृषभ, चावी तू हातात दिलीस, कागद खिशात कोंबलास.
कागदावर नऊ ओळी.
दहावी रिक्षात बसता बसता तोंडी सांगितलीस,
ती मला नीट ऐकू आली नाही.

हँडब्रेक ओढलेला नाही.
ओढून ठेवला तर आतले लायनर ड्रमला धरतात म्हणे,
आषाढात दाराची बिजागरी धरते तसे.
पहिला गिअर टाकलाय, चाकांना चार विटा,
दोन तुमच्या कंपाउंडच्या,
दोन माझ्या भंगारात गेलेल्या मागांच्या पायाखालच्या.
त्यांना हादरे नवे नाहीत.

वायपर उभे ठेवलेत, काचेला चिकटू नयेत म्हणून.
वडगावातला प्रत्येक जण थांबून विचारतो,
गाडी कुणाला शरण गेली काय?

तू दिलेलं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकलं, आत घाम धरत होता.
त्याच्या जागी शेवटच्या बीमच्या
डागी साड्या जोडून शिवल्यात, सात.
म्हणून तुझी पांढरी गाडी सध्या मोरपंखी आहे,
काठाला तांबडी,
आणि ड्रायव्हरच्या बाजूला पदर.

उंदीर तरी आलाच.
श्रावणात बॉनेट उघडलं, तर एअर फिल्टरच्या डब्यात घरटं.
बसवण्णीच्या मागावरचं गुलाबी सूत, आमचं मोरपंखी,
कन्नड पंचांगाचं एक पान, मराठी लग्नपत्रिकेचा कोपरा,
सगळं बारीक कातरून एकजीव केलेलं.
इतकं सलोख्याचं काम या गावात
मी फार वेळा पाहिलेलं नाही.
आत तीन पिल्लं, डोळे न उघडलेली.

मी बॉनेट आवाज न करता लावलं.
त्या महिन्यात दोन शनिवार गाडी चालू केली नाही.
तुझ्या नऊ ओळींत हे बसत नाही,
पण हिशेबात लिहून ठेवतो.

पुढे दस्तगीरनं निपाणीहून तंबाखूची भुकटी आणली,
पुरचुंडी बांधून बॅटरीशेजारी ठेवली.
आता बॉनेट उघडलं की मी शिंकतो.
उंदराचं काय होतं, कळायला मार्ग नाही.

शनिवारी संध्याकाळी दहा नंबरचा पाना घेऊन
मायनसची तार जोडायची, चावी फिरवायची.
ती जागच्या जागी थरथरते. मी आत बसून राहतो,
पंधरा मिनिटं, कधी जास्त.
शेड बंद केल्यापासून अंगाखाली असं काही
चालू असल्याचं विसरलो होतो.

दस्तगीर म्हणाला, नुसती तापवूलाय कशाला काका?
एका जागी उभारून टायर बसतात,
खालून चपटे होतात, माणसासारखे.
तेव्हापासून विटा काढतो. अर्धं चाक पुढे.
टायरवर खडूची रेघ आहे, वरची खाली आली की पुरे.
पुढच्या शनिवारी अर्धं मागे.
गाडी मी शिकलेलो नाही,
क्लचवर पाय ठेवला की हातमागाची पावडी आठवते,
तिथूनच जमतं.

मग तुझा फोन आला. विकून टाका काका,
खानापूरचा एक जण येईल.
आला. फिरून बघितली,
गुडघ्यावर बसून टायरवरून तळवा फिरवला,
कुठे बसलाय का ते शोधत.
नव्हता बसला. मला बरं वाटलं,
आणि लगेच वाटलं, हा आता घेणार.

मी म्हटलं, वायरिंग सगळं उंदरानं खाल्लंय.
शिंक आली, त्यामुळे त्याला ते खरं वाटलं असावं.

तर असं आहे, वृषभ.
दुसरं गिऱ्हाईक पाठवणार असशील तर मला आधी कळव,
दोनदा खोटं बोलायला मला वेळ लागतो.
उद्या शनिवार आहे, यावेळी पुढे.

आणि ती दहावी ओळ काय होती,
तेवढी एकदा सांग.
ती सोडून बाकी सगळं केलंय.